मुंगीला रस्ता पाठ आहे

"नाव सांगा, आजोबा," फाटकावरची मावशी म्हणाली.

खरं तर तिला नाव ठाऊक होतं. या म्हाताऱ्याची नात कोणती, ती कुठल्या वर्गात बसते, घरी जाताना पाण्याची बाटली कुठे विसरते, सगळं ठाऊक होतं. पण नियम म्हणजे नियम. मुलाला न्यायला येणाऱ्याने गळ्यातलं कार्ड दाखवायचं, मुलाचं नाव आणि इयत्ता आपल्या तोंडाने सांगायची, मग मावशी आत फोन करणार आणि मग मूल बाहेर येणार. कार्ड काय, कुणाच्याही गळ्यात अडकवता येतं, असं शाळेचं म्हणणं. नाव मात्र आपल्या माणसालाच येतं.

"नाव ना? सांगतो की," आजोबा म्हणाले. "आधी तुमचा गुडघा काय म्हणतोय ते सांगा."

"गुडघा बरा आहे. मागे रांग लागलीय, आजोबा."

"छकुली," आजोबा म्हणाले. "पाचवी."

मावशीचा हात फोनवर तसाच राहिला. एरवी आजोबा असे अडखळले, की ती हळूच 'मुंगी, सातवी ना?' म्हणायची आणि आजोबा 'मग दुसरी कोण' म्हणून मोकळे व्हायचे. शाळेच्या दप्तरी मुंगीचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण बारीक चण आणि सदा लगबग, म्हणून घरात पडलेलं नाव शाळेतही सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. आज मात्र मावशीच्या शेजारी सातवीच्या वर्गशिक्षिका उभ्या होत्या. नवीन सत्रापासून फाटकावर आळीपाळीने एका शिक्षिकेने थांबायचं, असं ठरलं होतं.

"छकुली कोण?" वर्गशिक्षिकांनी विचारलं.

तेवढ्यात मुंगी आतून पळतच आली. तिला बोलावायला फोन करावा लागत नसे. ती शाळा सुटायच्या घंटेबरोबर दाराशी हजर असायची. "बाई, आजोबा गंमत करतात. छकुली माझी आई आहे. तीपण याच शाळेत होती. आजोबा, चला."

ती हसत होती, पण आजोबांची बाही तिने घट्ट धरली होती. वर्गशिक्षिका हसल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या. चुकीचं नाव सांगणाऱ्याच्या हाती मूल द्यायचं नाही, हा नियम त्यांनीच या वर्षी पालकांना वाचून दाखवला होता आणि आता तो नियम एका हसऱ्या म्हाताऱ्याच्या रूपात त्यांच्यापुढे उभा होता.

"आजोबा, आत येऊन बसता का जरा? आपण मुंगीच्या आईला फोन करू."

"बसतो की. बसायला काय, उभ्याने जन्म गेला माझा."

ते खरंच होतं. आजोबांचं बाजारात केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा आणि आरशापुढे उभ्याने काढलेला उभा जन्म. हात चालायचा त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की नाव आठवो न आठवो, आजोबा सुरू व्हायचे. 'काय, बऱ्याच दिवसांनी? घरचे बरे? आणि ते तुमचं काम झालं का हो?' काम प्रत्येकाचंच काही ना काही अडलेलं असतं. गिऱ्हाईक भडाभडा बोलायला लागायचं आणि उठताना म्हणायचं, तुम्ही सगळं लक्षात ठेवता बुवा.

दुकान गेलं; हात थरथरायला लागले म्हणून देऊन टाकलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गेल्या वर्षापासून एकेक गोष्ट डोक्यातून निसटायला लागली, तेव्हा हीच विद्या कामाला आली. समोर कोण आहे ते कळलं नाही, की आजोबा विचारायचे, 'मग, काय म्हणतंय तुमचं काम?' माणूस खूश. सकाळचं जेवण आठवलं नाही, की म्हणायचे, 'आज भूकच नाही.' झाकली मूठ सव्वा लाखाची. पोटच्या पोरीलासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. तिला वाटायचं, बाबा जरा जास्तच बोलायला लागलेत, एवढंच.

आणि आजोबांना स्वतःला पत्ता होता का? होता. मूठ झाकणाऱ्याला आत काय आहे ते कळतंच. रात्री उशाशी चष्मा ठेवताना ते मनाशी मोजायचे, की उद्या सकाळी अजून काय गेलेलं असेल. पण दुपार झाली, की जिवात जीव यायचा. कारण दुपारी शाळेत जायचं असायचं. कार्ड गळ्यात घालायचं, सपाता चढवायच्या, जिना उतरायचा. कुठे चाललात असं कुणी विचारलं, तर सांगायला उत्तर होतं, 'नातीला आणायला.' म्हाताऱ्या माणसाला दिवसातून एकदा तरी असं उत्तर देता यावं लागतं. नाहीतर तो घरातल्या कपाटासारखा होतो.

छकुली औषधांच्या दुकानातून धावतपळत आली तोवर शाळा पार रिकामी झाली होती. चाळिशीची बाई, कानाशी केस पांढरे झालेले, तरी बापाच्या तोंडी छकुलीच. नवरा परगावी नोकरीला, सणासुदीला कधी यायचा. दुकानाचा कोट अंगात तसाच होता.

"बाबा, अहो नाव कसं विसरलात?"

"विसरलो नाही. तुझं सांगितलं. चुकीचं काय आहे त्यात? तूपण माझीच आहेस."

छकुली हसली. हसता हसता तिने वडिलांकडे नीट पाहिलं आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. मुंगी बाकाच्या टोकाला बसून दप्तराचा पट्टा पिळत होती.

"पुढच्या आठवड्यात उद्दिष्टांची बैठक आहेच," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "तेव्हा याबद्दलही बोलू. तोपर्यंत तुम्ही स्वतः न्यायला याल का?"

छकुली हो म्हणाली. मालकाला काय सांगायचं याची जुळवाजुळव तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मधले दिवस आजोबांनी काढले कसेबसे. रोज दुपारी छकुली दुकानातून सुट्टी मागून शाळेत जायची, मुंगीला घरी सोडायची आणि उलट पावली पळायची. तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही आणि तेच आजोबांना जास्त लागलं. ओरडली असती तर भांडता आलं असतं.

"मला सांग, मी काय तुझ्या पोरीला विकून खाणार आहे?" एका संध्याकाळी ते म्हणाले.

"तसं कोण म्हणतंय, बाबा."

"शाळा म्हणतेय. कालची पोरं फाटकावर उभी करतात आणि मला नाव विचारतात. मी तुला आणलं नव्हतं का त्याच शाळेतून? हरवली होतीस का कधी?"

"नव्हते हरवले."

"मग?"

छकुलीने भांडं घासता घासता डोळे दंडाला पुसले. "तेव्हाचे तुम्ही वेगळे होता," ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिला इतकं वाईट वाटलं, की ती नळ तसाच सोडून आत निघून गेली.

बैठक मुख्याध्यापिकांच्या खोलीत होती. शाळेची ही पद्धत चांगली होती. सत्राच्या मध्यावर प्रत्येक घरातली माणसं यायची, मूल मध्ये बसायचं आणि या सत्रात मला काय शिकायचंय ते मुलानेच आपल्या तोंडाने सांगायचं. मग घरच्यांनी सांगायचं, आम्ही कशी मदत करू. कुणी म्हणायचं अपूर्णांक, कुणी म्हणायचं मोठ्याने वाचणं. एका पोराने म्हणे भावाला न मारणं शिकायचंय असं सांगितलं होतं आणि शाळेने तेही मानलं होतं.

आजोबांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली. इस्त्रीचा सदरा घातला, त्यावर कार्ड. आज मुख्याध्यापिकांपुढे असं काही बोलायचं, की पुन्हा कुणी शंका घेणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. नातीचं नाव आणि इयत्ता ते सकाळपासून पुटपुटत होते.

"मुंगी, सातवी," खोलीत शिरताच त्यांनी सांगून टाकलं.

मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या. "या, आजोबा. बसा. मुंगी, तू सुरुवात कर बरं. काय शिकायचंय?"

मुंगी खाली बघत म्हणाली, "मला वेळेवर घरी जायला शिकायचंय."

"अगं, तू तर रोज घंटा झाल्या झाल्या दाराशी असतेस," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "तुझ्याइतकी वेळेवर कुणी जात नाही. दुसरं काहीतरी सांग."

"दुसरं काही नको."

"पोहण्याचं काय?" वर्गशिक्षिकांनी छकुलीकडे पाहिलं. "तुम्हाला सांगायचंच होतं. शाळेनंतर पोहायला शिकवतो त्यात ही सगळ्यांत पुढे होती. सर तर म्हणत होते, हिला पाण्यातून बाहेर काढायला काठी लागते. पहिल्याच महिन्यात हिने सोडलं. कान दुखतात म्हणाली."

"कान?" छकुली म्हणाली. "मला नाही बोलली कधी. मुंगे, कान दुखतात तुझे?"

मुंगी टेबलाची कड नखाने खरवडू लागली. आजोबांना वाटलं, आता आपणच सांभाळून घ्यावं, वेळ मारून न्यावी. जन्मभर तेच तर केलं. ते म्हणाले, "अहो, लहान पोर आहे. आज हे आवडतं, उद्या ते. पाण्याला भ्याली असेल."

"मी नाही भ्यायले," मुंगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मला पोहायला खूप आवडतं. पण पोहणं असतं तेव्हा मी उशिरा सुटते. आणि आजोबा नेहमीच्याच वेळेला येतात. त्यांना कितीदा सांगितलं, आज उशिरा या, तरी येतात. आणि मी दिसले नाही की जातात."

"घरी जातात ना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"घरी नाही जात. एकदा बाजारात गेले, त्यांच्या जुन्या दुकानात. तिथे आता मोबाईल विकतात. ते त्या माणसाला म्हणत होते, माझी खुर्ची कुठे आहे. तो माणूस ओरडत होता. मावशी म्हणाली आजोबा बाजाराकडे गेले, म्हणून मी तिची नजर चुकवून ओल्या केसांनीच पळत गेले. मग मी पोहणं सोडून दिलं." ती आता रडत होती, पण थांबत नव्हती. "शाळेपर्यंत ते सवयीने येतात, पण परत जाताना त्यांना कळत नाही कुठे वळायचं. मी पुढे पुढे पळते ना, ते मी मुद्दाम पळते. मी दिसले की ते मागून येतात. आई, मी तुला सांगणार होते. पण तू म्हणाली असतीस, उद्यापासून जाऊ नका. मग ते दिवसभर काय करणार?"

छकुलीने पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून मुकाट्याने रडायला लागली.

आजोबा आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले. पोरीची ती सवय त्यांना ठाऊक होती. चार पावलं पुढे, कोपऱ्यावर थांबायचं, मागे बघायचं. त्यावरून त्यांनी तिला किती चिडवलं होतं, की एवढी घाई कसली, घरी काय लग्न आहे तुझं? ती हसायची. आपण तिला घरी आणतो असं ते सगळ्यांना सांगत आले होते. दुकानदाराला, शेजाऱ्यांना, मावशीला. आणि इतके दिवस ही एवढीशी पोर आपलं आवडतं पाणी सोडून त्यांना घरी आणत होती, वर तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. आजोबांना आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. लाज वाटली, तिची माया कळली आणि दोन्ही एकदमच कळल्याने त्यांना धड रडताही येईना.

मुख्याध्यापिकांनी मुंगीपुढे पाण्याचा पेला सरकवला. मग त्या छकुलीला म्हणाल्या, "सातवीच्या मुलांना एकटं घरी जाता येतं. पोहणं संपवून मुंगी तशी जाऊ शकते. फक्त आमचा एक नियम आहे. घरच्या एका मोठ्या माणसाने तिच्याबरोबर तो रस्ता चालून पाहिलेला हवा आणि तिला रस्ता नीट माहीत आहे, ती बघून ओलांडते, अशी खात्री त्याने आम्हाला द्यायची. तुम्ही चालला आहात?"

"मी या आठवड्यात आणलं, पण स्कूटरवरून," छकुली म्हणाली. "चालत नाही. उद्या वेळ काढते. परवा..."

"मी देतो खात्री," आजोबा म्हणाले.

दोघी शिक्षिकांनी एकमेकींकडे पाहिलं. "आजोबा, तसं नाही," मुख्याध्यापिका हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःला रस्ता..."

"मला नाही येत. तिला येतो. तुमचा नियम तिच्याबद्दल आहे ना?" आजोबांचा आवाज आता गप्पिष्ट नव्हता. "मी रोज तिच्या मागून चाललोय. माझ्याइतकं तिला चालताना कुणी पाहिलेलं नाही. मोठ्या रस्त्यावर ती थांबते. दोन्हीकडे बघते. मी पोचेपर्यंत पाऊल टाकत नाही. कुणी हाक मारली तरी वळत नाही. मला घरी तीच आणते, बाई. आणि एक दिवस चुकली नाही. मुंगीला रस्ता पाठ आहे. लिहा तुम्ही, मी सांगितलं म्हणून लिहा."

मुख्याध्यापिकांनी कागद पुढे केला. आजोबांनी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, तरी रेषेवर राहिलं. मग त्यांनी मान खाली घालून कार्डाची दोरी डोक्यावरून काढली. ती कानात अडकली. छकुली सोडवायला पुढे झाली, तर त्यांनी तिला थांबवलं आणि स्वतःच सोडवून कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे घ्या. दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नको," ते म्हणाले. "मीसुद्धा दुकानात वस्तरा कधी उघडा टाकला नाही."

मुंगी आईला सोडून त्यांच्या कुशीत शिरली. "आजोबा, तुम्ही रागावलात?"

"नाही गं. तू आपली पोहायला जा. कान पुसून येत जा फक्त."

त्यानंतर पहिल्यांदा पोहणं होतं त्या दिवशी छकुलीने दुपारची रजा घेतली. आजोबा एकटे कसे राहतात ते तिला बघायचं होतं आणि खरं सांगायचं तर पोरगी एकटी कशी येते याचीही धाकधूक होती. शाळा सुटायची वेळ झाली. आजोबा उठले, खुंटीपाशी गेले, तिथे काही मिळालं नाही म्हणून परत येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. छकुलीने त्यांना चहा दिला आणि खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. तिथून गल्लीचं तोंड दिसायचं.

ऊन कलायला लागलं तशी कोपऱ्यावरून एक मुलगी वळली. खांद्यावर दप्तर, हातात ओल्या कपड्यांची पिशवी, केस डोक्याला चिकटलेले. तिला कसलीच घाई नव्हती. एका घरापाशी थांबून ती मांजराशी काहीतरी बोलली. मग कुंपणावरून बोट फिरवत, मध्येच एका पायावर उड्या मारत, गाणं गुणगुणत, रमतगमत येत राहिली. छकुलीचा जीव भांड्यात पडला.

आजोबाही कठड्यावर वाकून बघत होते. त्यांचा चेहरा खुलला होता.

"बघ गं, कोणाची पोर आहे," ते म्हणाले. "कशी मजेत चाललीय."

छकुलीने वडिलांकडे पाहिलं. तिला 'आपलीच आहे, बाबा' म्हणायचं होतं, पण तिने फक्त त्यांचा रिकामा कप उचलला.

"एकटी आहे, पण भीती नाही तोंडावर," आजोबा म्हणाले. "घरचे चांगले असणार तिच्या."

मुलगी खाली जिन्यापाशी दिसेनाशी झाली, तरी ते वाकून बघतच राहिले. दाराची घंटा वाजली तेव्हा ते लगबगीने सावरून बसले आणि अंगातला सदरा नीट केला.

"जा, उघड लवकर," ते म्हणाले. "आपली मुंगी आली असेल."